डेडस्टॉक रजिस्टर

पान एकवीस, अनुक्रमांक चार:
‘बाहुली, प्रौढ, रबरी. नग एक.
स्त्री किंवा पुरुष, अवयव बदलून.’
शेरा: डावा गुडघा निखळलेला. निर्लेखनास पात्र.
खाली माझी सही हवी आहे.

रास्ता पेठेतल्या या खोलीत
आम्ही अठराजणी आलो तेव्हा
तिला अगोदरच नाव होतं, ताराक्का.
कुणी ठेवलं, माहीत नाही.
कपाळाचा रंग उडालेला, एक डोळा मिटायचा नाही.
पोटाचं झाकण काढलं की आत
यकृत, जठर, आतड्याचं भेंडोळं, सगळ्यांवर आकडे.
पित्ताशय हरवलेलं;
तिथे कुणीतरी बसवलेला
हिरव्या लोकरीचा गुंडा.

संत्री यायची मार्केट यार्डातून, डझनानं.
सुई आधी सालीला अडते, मग एकदम वाट मिळते,
ते बोटांना कळेपर्यंत टोचत राहायचं.
रात्री होस्टेलवर आम्ही तीच सोलून खायचो,
सलाईन भरलेली, जराशी खारट.
केजची रत्नमाला बियासुद्धा टाकायची नाही.

बेड बाथचा पहिला धडा.
मी चादर ओढली.
‘थांब. विचारलंस तिला?’
आम्ही सगळ्या फिसकन हसलो.
रणनवरे सिस्टर हसल्या नाहीत.
‘ताराक्का, अंग पुसून देते. चालेल ना?’
असं म्हणायचं, मग पडदा लावायचा,
मग लागेल तेवढंच उघडायचं,
एक हात. तो झाकून दुसरा.
पाणी आधी आपल्या कोपराला लावून बघायचं.
‘रबराला काय कळतंय,’ रत्नमाला पुटपुटली.
‘शिकतंय कोण? ती का तू?’

तीन महिने मी रोज विचारलं.
ती कधी नाही म्हणाली नाही.
हो पण नाही.

मग पहिली रात्रपाळी, खाट सव्वीस.
मुंढव्याच्या आजी, दंडावर गोंदलेली तुळस,
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी गेल्या.
मुलगा खाली, कागदांच्या खिडकीशी.
स्टाफ म्हणाली, तू आणि मावशी घ्या आवरून.
नळी काढायची, जबडा बांधायचा,
पापण्यांवर ओला कापूस.
मी बादलीत कोपर घातलं.
पाणी गार होतं.
परत गेले, कोमट घेऊन आले.
मावशी बघत राहिली.
‘आजी, अंग पुसून देते. चालेल ना?’
मोठ्यानं म्हटलं, वॉर्डात कुणी जागं असतं तर ऐकू गेलं असतं.
मावशीनं काही न बोलता पडदा ओढला.

एक हात. तो झाकून दुसरा.
तेव्हा कळलं, कातडी रबरासारखी नसते.
माणूस गेल्यावरही ती
पुसलेल्या बाजूला जराशी सरकते,
तुळशीचं पान लांबट होतं,
पुन्हा जागेवर येतं.

नवी बाहुली गेल्या आठवड्यात आली,
भोसरीच्या गोदामातून, लाकडी पेटीत.
श्वास घेते, खोकते, ओठ निळे करते.
बटण दाबलं की ‘सिस्टर, दुखतंय’ म्हणते,
सध्या इंग्रजीत; मराठी पुढच्या महिन्यात येणार म्हणे.
मुलींना फार आवडली. मलाही, खोटं कशाला बोलू.
छाती चुकीच्या जागी दाबली तर ती लगेच सांगते.
ताराक्कानं आम्हाला
कितीतरी चुका करू दिल्या.

भंगारवाला जुन्या बाजाराकडचा,
हातगाडी जिन्यापाशी लावून आत आला.
तिला खांद्यावर घेऊन बघितलं, पुन्हा ठेवली.
‘मॅडम, ही बाई किलोवर लावायची का नगावर?’
क्लार्क म्हणाला, नगावर.
मी सही केली. पेन नीट चाललं नाही,
दुसऱ्यांदा गिरवावी लागली.

तो दोरी आणायला खाली गेला तेवढ्यात
मी पोटाचं झाकण उघडलं,
आधी विचारून,
आणि लोकरीचा गुंडा काढून घेतला.
रजिस्टरमध्ये त्याची नोंद नव्हती.